राखेचं पीक

मंगळवारी, १८ जून २०२४ ला, माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण संशोधन समितीने मान्य केलं. प्रकरणात आलेख मोजून बारा आहेत. त्यांच्यासाठी सोळा महिने लागले, आणि त्यातले निदान सहा महिने माझ्या अज्ञानापायी गेले. सुरुवातीला मी फार शोधलं होतं, की सिव्हिल इंजिनिअरिंगच्या कुणी एनएमआर (पदार्थाच्या आत कोणत्या अणूशेजारी कोणता अणू आहे ते सांगणारी चाचणी) कसं करून घेतलं ते मराठीत लिहिलंय का. काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहितेय.

मी अंबाजोगाईची. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि ते सांभाळून पीएच.डी. करते. विषय आहे सिमेंटला पर्याय. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे जो दळून सिमेंट होतं तो, करायला चुनखडी भट्टीत १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि शुद्ध चुनखडीच्या वजनातला ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. कोळशाचा धूर वेगळाच. त्याऐवजी औष्णिक वीज केंद्राची राख आणि पोलाद कारखान्याची स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, घ्यायची, तिच्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट घालायचं, की ते मिश्रण दगडासारखं घट्ट होतं. यात नवीन काही नाही, जगभर चाललंय. माझा प्रश्न एवढाच होता, की आपल्याकडच्या राखेचं हे मिश्रण ओव्हनमध्ये न भाजता, मराठवाड्यातल्या उन्हात गच्चीवर ठेवून चालेल का?

१४ फेब्रुवारी २०२३ च्या बैठकीत मी क्यूबच्या, म्हणजे या मिश्रणाच्या घट्ट झालेल्या ठोकळ्यांच्या, ताकदीचे आकडे दाखवले. चांगले होते, मी खुशीत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ताकद कळली. आत काय झालं?" मी एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख पुढे केला. ते म्हणाले, "यात स्फटिक दिसतात. तुमचं जे चिकटलंय ते स्फटिक नाही. ते या उंचवट्याखाली दडलंय." खरंच होतं. राखेतलं क्वार्ट्झ आणि म्युलाइट तेवढं टोकदार दिसत होतं, आणि नुसती राख असो की पक्का झालेला क्यूब, दोन्हीत ते तसंच होतं. जे बदललं त्याचा नुसता एक पसरट फुगवटा. "सॉलिड स्टेट एनएमआर करा," ते म्हणाले आणि चहा आला.

एनएमआर म्हणजे रसायनवाल्यांचं काम, बाटलीतल्या द्रवाचं, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचे पंधरा दिवस मी फक्त वाचलं. मला जसं समजलं तसं सांगते. सिलिकॉनला चार हात असतात. प्रत्येक हातात एक ऑक्सिजन, आणि त्या ऑक्सिजनच्या पलीकडे दुसरा सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम असू शकतो. किती हात असे गुंतलेत यावरून त्याला क्यू-शून्य ते क्यू-चार म्हणतात. सिमेंटच्या कोरड्या दाण्यात सिलिकॉन एकटा, क्यू-शून्य, साधारण उणे ७० पीपीएमला (पीपीएम हे आलेखाच्या आडव्या पट्टीवरचं माप) दिसतो. साखळीच्या टोकाचा उणे ७९ च्या आसपास, साखळीच्या मधला उणे ८५, आणि चारही हात गुंतलेलं क्वार्ट्झ उणे १०७ ला. शेजारी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम आला की जागा दर शेजाऱ्यामागे साधारण पाच पीपीएमने सरकते. म्हणजे हे यंत्र क्यूब किती मजबूत ते सांगत नाही, कोणाच्या शेजारी कोण राहतं ते सांगतं. गावात एखाद्याचं शेत बघण्याआधी भावकी विचारतात, तसंच. हे शास्त्र फार जुनंही नाही. घन सिलिकेटमधल्या सिलिकॉनची अशी ओळख पटवून देणारं एस्टोनियाच्या एंडेल लिप्मा आणि सहकाऱ्यांचं काम १९८० सालचं.

राख परळीकडची. माझा मावसभाऊ त्या भागात फ्लाय ॲशच्या विटा करतो, त्याच्याकडून मार्चमध्ये ४० किलो आणली. फुकट. पण आणताना दोन गोष्टी पाहा. तळ्यातली ओली राख घेऊ नका, बल्कर टँकरमधून आलेली कोरडी घ्या. आणि सगळ्या कामाला पुरेल एवढी एकदाच, एकाच दिवसाची घ्या. कोळसा बदलला की राख बदलते, आणि परळीचं काय सांगावं, २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथल्या वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. स्लॅग मात्र बाहेरून मागवावी लागली. "जालना इतकं जवळ, तिथून का नाही आणली?" असं मला निदान दहा जणांनी विचारलं असेल. जालन्यात भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. त्यांची स्लॅग वेगळी. मला हवी होती लोखंडाच्या झोतभट्टीची, पाण्यात झटकन थंड करून काचेसारखी झालेली. आणि आपली काळी माती भाजून वापरावी तर ती स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीची, केओलिन जातीची नव्हे, वर तिच्यात लोह. हा लोह शब्द मी तेव्हा वहीत लिहून ठेवला आणि विसरून गेले.

२ मे २०२३ ला ओतकाम. राख ७०, स्लॅग ३०. कॉस्टिकचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेवायचं, कारण ते भयंकर तापतं. दर लिटरला ४०० ग्रॅम, म्हणजे दहा मोलर. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. प्रयोगशाळेतले मामा मदतीला आले आणि त्यांनी प्रेमाने घरचं जर्मनचं पातेलं आणलं. मी ओरडलेच. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी प्लास्टिकच्या बादलीत केलं.

निम्मे क्यूब ६० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास, निम्मे गच्चीवर. उघडे ठेवलेले पहिले चार तिसऱ्या दिवशी तडकले, कारण पाणीच उडून गेलं. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले, ते छान राहिले. उन्हाने काम होतं, पण ओल झाकून ठेवली तर. ३० मे ला अठ्ठावीस दिवस भरले.

आता जे करायचं असतं त्याला म्हणतात क्रिया थांबवणं. क्यूबच्या मधला तुकडा फोडून बारीक करायचा, आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवायचा म्हणजे छिद्रांतलं पाणी निघतं, गाळायचं, ४० अंशांना वाळवायचं, दळायचं, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचं आणि हवाबंद कुपीत भरायचं. उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात शिरतो. दळायला अकीकाचा खल वापरा. लोखंडी गिरणीत दळलं की लोखंड मिसळतं. आणि कुपीवर मार्करने नाव लिहू नका. आयसोप्रोपेनॉलचा एक थेंब पडला की शाई वाहून जाते. माझ्या दोन कुपींची नावं अशी गेली. त्या फेकून द्याव्या लागल्या, कारण पांढरट-करडी पूड सगळी सारखीच दिसते. पेन्सिलने कागदावर लिहून तो कागद चिकटपट्टीखाली लावा.

जूनमध्ये अर्ज. पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत बाहेरच्यांसाठी सोय आहे हे माझ्या मार्गदर्शक सरांना माहीत होतं. ऑनलाइन अर्ज, मार्गदर्शकांची सही, महाविद्यालयाचा शिक्का, नमुन्यांची यादी. तेव्हा शिक्षणसंस्थांसाठी तासाला ३०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. दर बदलत असतात, तुम्ही करताना विचारून घ्या. तीन नमुने, प्रत्येकी सिलिकॉनचे बारा तास आणि ॲल्युमिनियमचा एक, म्हणजे ३९ तास. एकूण १३,८०६ रुपये, आगाऊ.

ही रक्कम महाविद्यालयाच्या संशोधन निधीतून मिळणार होती. लेखा विभागात गेले तर, "मॅडम, तीन कोटेशन लागतात." मी म्हटलं, हे यंत्र काही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. "ते खरंय हो, पण ऑडिटला काय दाखवू?" त्यांची चूक नव्हती, नियमच तसा. शेवटी सरांनी 'ही सेवा अन्यत्र सोयीने उपलब्ध नाही' असं पत्र दिलं, ते प्राचार्यांकडे गेलं, परत आलं, जावक क्रमांक राहिला म्हणून पुन्हा गेलं. तारीख हातची जाईल म्हणून मी पैसे स्वतः भरले. ते पाच महिन्यांनी मिळाले. पावती महाविद्यालयाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. माझ्या नावाची निघाली असती तर ते पाच महिन्यांनीही मिळाले नसते.

तारीख मिळाली २१ ऑगस्ट. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे, पर्समध्ये तीन कुपी. कुरिअरनेही पाठवता येतं. पण पहिल्या वेळी स्वतः जा, असं मी आग्रहाने सांगेन.

यंत्राच्या खोलीत जाण्याआधी घड्याळ, एटीएम कार्ड, फोन, केसांच्या पिना सगळं बाहेर काढून ठेवायला सांगितलं. पेसमेकर आहे का विचारलं. यंत्र ४०० मेगाहर्ट्झचं, त्याचं चुंबक ९.४ टेस्लाचं, आणि ते कधीच बंद होत नाही. मी कल्पनेत मोठं काहीतरी फिरताना पाहत होते. प्रत्यक्षात फिरतो तो झिर्कोनियाचा रोटर, चार मिलिमीटर जाडीचा, खडूच्या तुकड्यापेक्षा बारीक. त्यात माझी चिमूटभर पूड दाबून भरली. सहा महिन्यांचं सगळं गणित त्या चिमटीवर. हा रोटर चुंबकाच्या दिशेशी ५४.७ अंशांचा कोन धरून, हवेच्या झोतावर सेकंदाला दहा हजार फेरे घेतो. घन पदार्थात रेणू जागच्या जागी अडकलेले असतात, म्हणून त्यांचा संदेश पसरट येतो. त्या कोनात गरगर फिरवला की तो सावरतो. त्याला मॅजिक अँगल म्हणतात, आणि एरवी जादू शब्दाचा राग येणाऱ्या मलाही तो शब्द तिथे खटकला नाही.

माझा रोटर दहा हजारांवर गेलाच नाही. तिथले ऑपरेटर सर हळूहळू हवा वाढवत होते, तो डगमगत होता. शेवटी सहा हजारांवर ठेवून रात्रभर सोडला. सकाळी पडद्यावर एक लठ्ठ डोंगर, आणि दोन्ही बाजूंना त्याच्याच सावल्या. मी बाहेर येऊन घरी फोन केला. अण्णांनी विचारलं, "झालं का काम?"

"नाही ना अण्णा. पीक आलंच नाही."

क्षणभर ते गप्प. मग म्हणाले, "आपल्याकडं तरी कुठं आलंय बाई. तीन आठवडे झाले, थेंब नाही. सोयाबीन माना टाकायलीय."

त्या ऑगस्टात पावसाने खरंच पाठ फिरवली होती. मी आलेखातल्या 'पीक'बद्दल, म्हणजे इंग्रजीतल्या शिखराबद्दल, बोलतेय हे त्यांना सांगितलं नाही.

आत आले तर ऑपरेटर सरांच्या हातात एक छोटं चुंबक होतं. त्यांनी ते माझ्या उरलेल्या कुपीला लावलं. पूड काचेच्या त्या बाजूला हलकेच झुकली. दोन सेकंदांचं काम. मग त्यांनी माझा अर्ज काढला. 'नमुना चुंबकीय आहे का?' यापुढे माझ्या अक्षरात 'नाही'. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "राख म्हटल्यावर मीच बघायला हवं होतं," म्हणाले.

राखेत लोह असतंच. काही मॅग्नेटाइटसारख्या गोळ्यांत, काही काचेत विरघळलेलं. ते एवढ्या मोठ्या चुंबकात शिरलं की रोटरला ओढतं आणि शेजारच्या सिलिकॉनचा संदेश फिसकटवतं. माझ्या वहीत मार्चपासून तो शब्द होता. बाकीचे दोन नमुने मी लावू दिले नाहीत. ४,६०२ रुपये गेले, उरलेले ९,२०४ पुढच्या खेपेला वळते केले.

परत येताना गाडीत वाटलं, आता दळलेल्या पुडीतूनच चुंबकाने लोह काढू. करून पाहिलं. जमत नाही, कारण लोहाच्या गोळ्या आता जेलमध्ये, म्हणजे त्या चिकटलेल्या भागात, पक्क्या बसलेल्या असतात, आणि ओढून काढताना जे बघायचं तेच सोबत निघून जातं. लोह राखेतून काढायचं, मिश्रण करायच्या आधी. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

सप्टेंबरभर मी राख थोडी थोडी कागदावर पसरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नियोडिमियमचं चुंबक तिच्यावरून फिरवत बसले. चुंबक पिशवीतच ठेवा, नाहीतर त्याला चिकटलेली पूड जन्मात निघत नाही. दर खेपेला पिशवी उलटी केली की काळा भुगा खाली. सात-आठ वेळा फिरवल्यावर भुगा येणं जवळपास थांबलं. काचेतलं लोह याने निघत नाही, पण यंत्राला त्रास होतो तो मुख्यतः या गोळ्यांचा. सरांनी इथे योग्य अडचण काढली: "मग तू तपासतेस ती राख आणि लोक वापरतील ती राख, एकच राहिली का?" नाही राहिली. म्हणून दोन्ही राखांचे क्यूब पुन्हा ओतले, दोन्हींची ताकद मोजली, दोन्हींचं एक्स-रे फ्लुरोसन्सने (कोणतं मूलद्रव्य किती ते यात कळतं) विश्लेषण केलं आणि प्रबंधात दोन्ही शेजारी शेजारी छापलं. ताकदीतला फरक माझ्या मोजमापाच्या चुकीएवढाच निघाला. तसा निघाला नसता तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं.

फक्त मे परत मिळाला नाही. दुसऱ्या खेपेचे गच्चीवरचे क्यूब ऑक्टोबरच्या उन्हातले आहेत. रोजचं तापमान लिहून ठेवलं आणि तेच खरं मानलं.

या वेळी अर्जासोबत मी ऑपरेटर सरांसाठी एक पान जोडलं: राखेत लोह किती, काढल्यानंतर किती, पूड अल्कधर्मी आहे, ओल धरते, पीक कुठून कुठपर्यंत अपेक्षित आहे. हे अर्जात कुणी मागत नाही. तरी द्या. सहा नमुने: साफ केलेली राख, स्लॅग, ओव्हनचे सात व अठ्ठावीस दिवसांचे, गच्चीचे सात व अठ्ठावीस दिवसांचे. ७८ तास, २७,६१२ रुपये. आधीचे वजा जाता १८,४०८ भरले.

११ डिसेंबर २०२३. रोटर दहा हजारांवर गेला आणि तिथे स्थिर राहिला. आकडा हिरवा झाला तेव्हा मी श्वास सोडला.

आधी ॲल्युमिनियम, कारण तो लवकर होतो. निसर्गातला सगळाच ॲल्युमिनियम २७ वजनाचा, म्हणून संदेश भरपूर. सिलिकॉनचं तसं नाही. एनएमआरला दिसतो तो सिलिकॉन-२९ शंभरात पाचसुद्धा नाही, ४.७ टक्के. म्हणून तेच माप पुन्हा पुन्हा घेऊन बेरीज करायची. दोन मापांमध्ये २० सेकंद थांबायचं आणि २०४८ वेळा घ्यायचं, म्हणजे जवळपास साडेअकरा तास. आलेख दुप्पट स्वच्छ हवा असेल तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. पैसे वाचवायला थांबण्याचा वेळ पाच सेकंदांवर आणा, असा मोह होतो. तसं केलं तर सावकाश सावरणारं क्वार्ट्झ मोजणीत कमी भरतं आणि आपली क्रिया खोटीच चांगली दिसते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत आणखी एक. रिकाम्या रोटरचा आलेखही मागून घ्या. यंत्राच्या स्वतःच्या भागांतला ॲल्युमिनियम कधी कधी डोकावतो. तो मी मागितला नव्हता, ऑपरेटर सरांनी आपणहून दिला.

चार रात्री पुण्यात काढल्या, मैत्रिणीकडे. दिवसा काहीच काम नसतं. यंत्र फिरतं, आपण चहा पितो.

राखेत ॲल्युमिनियमचे दोन ढिगारे होते: एक शून्याच्या आसपास, सहा ऑक्सिजनवाला, मुख्यतः म्युलाइटमधला, आणि एक पन्नाशीच्या पुढे पसरलेला. गच्चीच्या अठ्ठावीस दिवसांच्या नमुन्यात ५९ ला एक नीट पीक उभं होतं, चार ऑक्सिजनवालं. राखेतला ॲल्युमिनियम सुटून नव्या जाळ्यात बसला होता. सिलिकॉनमध्ये उणे ८२ च्या आसपास स्लॅगमुळे आलेली साखळी, उणे ८८ कडे राखेचं जाळं, आणि पलीकडे हट्टाने तशीच राहिलेली जुनी राख. बरीच. अठ्ठावीस दिवसांनीही. ओव्हन आणि गच्ची यांच्यातला फरक सातव्या दिवशी ठळक होता, अठ्ठाविसाव्या दिवशी उरलाच नाही म्हणावा इतका कमी. मला एवढंच हवं होतं.

जानेवारी ते मार्च त्या ढिगाऱ्यांखालची पिकं सुटी करण्यात गेले. डीएमफिट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फसवं काम. पुरेशी पिकं घातली की कुठलाही डोंगर सुरेख जुळतो आणि काहीच सिद्ध होत नाही. मी आधी नुसती राख आणि नुसती स्लॅग जुळवली, त्यांची रूपं पक्की धरली, आणि मग मिश्रणात त्यांचं फक्त प्रमाण बदलू दिलं. तरी राहिलेल्या भागात दोन पिकं की तीन, यावर सरांचा आणि माझा वाद झाला. प्रबंधात दोन्ही आकडे दिलेत.

जूनच्या बैठकीला तेच परीक्षक होते. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला, "लोह कसं काढलं?" विचारलं, मी सांगितलं. पुढचा प्रश्न आला नाही.

उरलेल्या मिश्रणाची एक फरशी मी गेल्या दिवाळीत घरी नेली होती. आईने ती न्हाणीबाहेर पाय धुवायला टाकली. परवा गेले तर तिच्या कडेने पांढरं फुललेलं. "तुझ्या दगडाला मीठ सुटायलंय गं," आई म्हणाली, "रोज पुसते, रोज येतंय." मिश्रणात जास्तीचा राहिलेला सोडा ओलीबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून खार होतो. पाठ्यपुस्तकात आहे हे. मी बोटाने थोडा खरवडून एका कुपीत भरला, आणि नाव पेन्सिलने लिहिलं.